केशरची कलमं पहिल्या उन्हाळ्यात का मरतात, आणि उरलेली कशी जगवायची

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसरं कुणी वाचलं तर त्यालाही संदर्भ लागेल. खानापूर घाटमाथ्यावर, विट्याच्या पूर्वेला तुमचं मुरमाड रान आहे. गेल्या जुलैत तिथे केशर आंब्याची ११० कलमं लावली, पंधरा बाय पंधरा फुटांवर. टेंभू उपसा सिंचन योजनेचं आवर्तन (पाण्याची पाळी) चालू असताना त्याचं पाणी, बंद असताना बोअरचं. प्रत्येक कलमाच्या बुंध्याला चिकटून ताशी चार लिटरचा एक ड्रिपर, रोज एक तास. आता फेब्रुवारी संपत आलाय. २३ कलमं गेली, आणखी तीसेक कलमांची पानं टोकाकडून करपतायत, काही बुडातून फुटलीत आणि नऊ-दहा कलमांना चक्क मोहोर आलाय. घरचे म्हणतात पाणी कमी पडतंय, दोन तास सोडा. दुकानदार म्हणतो १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत सोडा, आठ दिवसांत फरक दिसेल.

दोन्ही करू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी थांबा.

उद्या सकाळी मेलेलं एक कलम खणून काढा. उपटू नका. उपटलं की बारीक मुळं मातीतच राहतात आणि जे बघायचं तेच हातून जातं. बुंध्यापासून दीड फुटावर टिकावानं चर घ्या आणि खुरप्यानं माती हळूहळू आतल्या बाजूनं मोकळी करत या. मुळांपर्यंत पोचलात की आधी माती नाकाशी धरा. गटारासारखा आंबूस वास आला तर अर्धं निदान तिथेच झालं. मग एक मूळ दोन बोटांत धरून ओढा. साल ओल्या वातीसारखी सुटून हातात आली आणि आत पांढरट दोरा उरला, तर ते कलम तहानेनं मेलेलं नाही, गुदमरून मेलंय. मुळं कोरडी, तपकिरी आणि काडीसारखी कडकन मोडणारी असतील तर मात्र पाणी खरंच पोचलं नाही. मुळंच नसतील, कुरतडल्यासारखी टोकं असतील, तर मातीत पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी शोधा, ती हुमणी. आणि मुळं पिशवीच्या आकारात गोल गोल फिरून घट्ट झालेली दिसली, तर दोष लावण्याच्या आधीचा आहे. त्याबद्दल शेवटी लिहितो.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज पहिल्या प्रकाराचा आहे. कारण सांगतो. मुरमात खड्डा घेतो तेव्हा आपण एक हौदच खणतो. कडेचा मुरूम कठीण, आत भरलेली माती आणि शेणखत मऊ. पाणी आत मुरतं पण बाहेर पडायला वेळ लागतो. त्यात बुंध्याला चिकटून रोज चार लिटर पडलं की तेवढीच परातभर जागा सतत ओली राहते. मुळांना नुसतं पाणी नको असतं, वाफसा हवा असतो. मातीच्या कणांमध्ये थोडी ओल, थोडी हवा. तो वाफसा तुमच्या कलमांना जुलैपासून एक दिवसही मिळालेला नाही. मूळ गुदमरलं की पाणी ओढत नाही. पाणी ओढलं नाही की पानं तहानल्यासारखी दिसतात. पानं तशी दिसली की आपण आणखी पाणी सोडतो. या फेऱ्यात मी जितकी कलमं मेलेली बघितलीत तितकी दुष्काळात बघितली नाहीत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. राज्यात रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना १९९० साली आली आणि त्यानंतर आमच्या तासगाव तालुक्यात सावळजच्या बाजूला बऱ्याच जणांनी माळावर आंबा, बोर, सीताफळ लावलं. मी १९९३ ला ६० कलमं लावली. तेव्हा ठिबक नव्हतं, डोक्यावरून घागरी आणायच्या. पाणी दुरून आणायचं म्हणून शेजारचे आठवड्यातून एकदा दोन घागरी घालायचे. माझी विहीर बांधालगत, म्हणून मी रोज संध्याकाळी एक-एक तांब्या घालायचो. दुसऱ्या उन्हाळ्याअखेर माझी १९ उरली, त्यांची निम्म्याहून जास्त. मला ते फार लागलं. वडिलांनी तेव्हा एक मेलेलं आणि शेजाऱ्याचं एक जिवंत, अशी दोन्ही खणून दाखवली. माझ्या कलमाची मुळं वरच्या वीतभर मातीत झिपऱ्यांसारखी गोळा झालेली. शेजाऱ्याच्या कलमाचं सोटमूळ मुरमाच्या भेगेत हातभर खाली उतरलेलं, शेवटी तुटलंच. रोज वरच्या वर मिळत असेल तर मूळ खाली जाईल कशाला? तेव्हापासून पहिली दोन वर्षं मी झाडाच्या उंचीकडे बघतच नाही.

आता तुमच्या उरलेल्या ८७ कलमांचं बघू.

आज ड्रिपर बुंध्यापासून हलवा. एकाचे दोन करा, बुंध्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक फुटावर. पावसाळ्यानंतर ते दीड फुटावर न्या, दुसऱ्या वर्षी अडीच फुटांवर. नळी ओढून फक्त खुंटी बदलायची असते, खर्च काही नाही, पण हेच काम बहुतेकांकडून राहून जातं आणि पाच वर्षांच्या झाडालाही बुंध्याशीच पाणी पडत राहतं.

मग चार-पाच दिवस पाणी पूर्ण बंद. भीती वाटेल, वाटू द्या. पाचव्या दिवशी बुंध्यापासून फूटभर अंतरावर खुरप्यानं अर्धा फूट खोल माती काढा आणि मुठीत दाबा. लाडू वळला आणि हाताला ओल लागली, तर अजून थांबा. लाडू वळला पण बोटानं टिचकी मारल्यावर फुटला, तर तो वाफसा. उद्या पाणी द्या. वळलाच नाही तर आजच द्या. वेगवेगळ्या जागच्या पाच-सहा झाडांपाशी हे करा, कारण माळावर दहा पावलांवर माती बदलते. एकदा अंदाज आला की कॅलेंडर तुमचं तुम्हालाच जमेल. तरी आकडा हवा असेल तर मुरमाड रानात पहिल्या वर्षी मी असा धरतो: फेब्रुवारी-मार्चमध्ये पाच-सहा दिवसांतून एकदा दोन्ही ड्रिपर दोन तास, म्हणजे १६ लिटर. एप्रिल-मेमध्ये दर तिसऱ्या दिवशी १६ ते २० लिटर. मध्ये वळीव झाला तर हात आखडता घ्या. हेच कलम कृष्णाकाठच्या काळ्या रानात असतं तर मी याच्या निम्म्यानंही दिलं नसतं. पाणी संध्याकाळी किंवा पहाटे सोडा.

पानांच्या टोकांबद्दल. टोक आणि कडा करपणं हे गुदमरण्यानं होतं तसं क्षारांनीही होतं आणि तुमच्याकडे दोन्ही असण्याची शक्यता आहे. आवर्तन बंद असताना बोअरचं पाणी देता ना? ड्रिपरच्या ओलीच्या कडेला मातीवर पांढरट कड दिसते का बघा. रोज थोडं पाणी दिलं की पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच साठतात. आंब्याला खारं पाणी मानवत नाही, डाळिंब जेवढं सोसतं तेवढं हा सोसत नाही. म्हणून टेंभूचं पाणी आलं की महिन्यातून एकदा एक लांब पाणी द्या, ३०-४० लिटर, म्हणजे साठलेले क्षार मुळांच्या खाली धुऊन जातील. बाकी दिवस पुन्हा वाफसा बघूनच. बोअरचं पाणी आणि माती, दोन्ही एकदा तपासून घ्या. कृषी विज्ञान केंद्रात होतं. बाटली आधी त्याच पाण्यानं विसळून मग भरा आणि पंप सुरू केल्यावर दहा मिनिटांनी भरा.

कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसत असेल तर तो वेगळा विषय, तो केवडा. उसात आपण बघतो तोच. चुनखडीच्या रानात लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एका लिंबाचा रस, ऊन उतरल्यावर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. पण आत्ता नको. आधी मुळं मोकळी होऊ द्या, बऱ्याचदा नवी पालवी आपोआप हिरवी येते.

उन्हाबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण मार्च लागतोय म्हणून सांगणं भाग आहे. घाटमाथ्यावर दुपारी तीननंतरचं पश्चिमेचं ऊन कलमाच्या खोडावर थेट पडतं आणि कोवळी साल भाजते. भाजलेली साल पुढे पावसाळ्यात तडकते. तुराट्या किंवा कडब्याच्या पेंढ्या कलमाच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला तिरक्या रोवा. सगळीकडून झाकू नका. पूर्वेचं ऊन मिळालंच पाहिजे आणि हवा खेळली पाहिजे. हिरवी शेडनेट गुंडाळून ठेवलेली कलमं मी बघतो, आत नुसती वाफ कोंडते.

आच्छादनासाठी आपल्या जिल्ह्यात उसाच्या पाचटासारखं दुसरं काही नाही. खाली कडेगाव, पलूसच्या बाजूला तोडणी झालेल्या फडात ते अजूनही पेटवून देतात. ट्रॉलीभर मागून आणा, कुणी नाही म्हणणार नाही. झाडाभोवती तीन फुटांच्या घेरात चार बोटं जाड पसरा, पण बुंध्यापासून वीतभर जागा उघडी ठेवा. ही वीत महत्त्वाची. पाचट बुंध्याला टेकलं की खाली ओल कोंडते, सालीला बुरशी लागते आणि वाळवीला तर जिनाच मिळतो. आच्छादन घातल्यावर पाण्याचं अंतर एक-दोन दिवसांनी वाढेल, ते पुन्हा मूठ दाबूनच ठरवा.

वाळवी माळावर असतेच. खोडावर मातीची नळी चढलेली दिसली तर गोणपाटानं पुसून काढा, मातीत अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळा आणि खोडाला दोन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. तुमच्या कोवळ्या खोडांना याच्या पाव हिश्शात भागेल. मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत रात्रभर भिजवा, लोखंडी भांडं वापरू नका. चुना वेगळा विरवून गाळून घ्या, दोन्ही एकत्र करा आणि त्यात विळ्याचं पातं मिनिटभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला, नाहीतर साल पोळेल. लावताना जोडाची पट्टी आधी काढायची.

त्या पट्टीकडे आता येतो, कारण तुमच्या फोटोत मला ती अजून दिसली. कलम बांधताना जोडावर गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी लावणीनंतर दोन-तीन महिन्यांत निघायला हवी होती. खोड जाड होतं, पट्टी होत नाही. लहान पोराच्या कमरेचा करगोटा वेळेवर सैल केला नाही तर जशी खाच पडते तशी तिथे खाच पडते. वरून झाड बरं दिसतं आणि जूनच्या पहिल्या वाऱ्यात नेमकं तिथेच मोडतं. वस्तऱ्याच्या पात्यानं, जोडाच्या मागच्या बाजूनं, उभा हलका छेद द्या आणि पट्टी सोलून काढा. ओढून फिरवू नका. हे काम आठ दिवसांत सगळ्या ८७ कलमांचं व्हायलाच हवं. जोड मातीत गाडला गेला असेल तर माती बाजूला करा. तो जमिनीच्या चार-सहा बोटं वर दिसला पाहिजे.

बुडातून फुटलेल्या कलमांकडे नीट बघा. जोडाच्या वरचा भाग जिवंत असेल आणि खालून फुटवे आले असतील, तर ते खुंटाचे, म्हणजे ज्या रायवळ आंब्याच्या रोपावर केशर बांधलाय त्याचे फुटवे आहेत. कोवळे असतानाच अंगठ्यानं मोडून काढा, कात्री लागेपर्यंत वाट बघू नका. खुंटाचा जोर मोठा असतो, तो केशरचा वाटा खाऊन टाकतो. दर पंधरा दिवसांनी रानातून एक फेरी फक्त यासाठी मारा.

पण जिथे जोडाच्या वरचा भाग पूर्ण वाळलाय आणि खालून फूट आलीय, ती झाडं काढून टाकू नका! २३ गेली म्हणता, त्यातली अशी किती आहेत मोजा. माझ्या मते सहा-सात तरी निघतील, आणि ती तुमच्या बागेतली सगळ्यात चांगली झाडं होऊ शकतात. त्या खुंटाचं मूळ तुमच्या मुरमात स्वतःच्या हिमतीनं रुजलंय. त्यावर जागेवरच कलम बांधायचं. आलेल्या फुटव्यांपैकी एक सरळ, जोमदार ठेवा, बाकीचे काढा. तो काठीला बांधून वाढवा. जुलैपर्यंत पेन्सिलीएवढा जाड होईल. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट असते, फुटव्याला नवी तांबूस पालवी असते, तेव्हा पाचर कलम बसतं. काडी ओळखीच्या, फळ खाऊन बघितलेल्या केशरच्या झाडावरची घ्या. तीन-चार महिने वयाची, शेंड्याकडची, वीतभर लांब, डोळा फुगलेला पण न फुटलेला. आठ-दहा दिवस आधी त्या काडीची पानं देठ ठेवून कापून टाकायची, म्हणजे डोळा फुगतो. फुटवा आडवा छाटून मधोमध दीड इंच उभी चीर घ्यायची, काडीला दोन्ही बाजूंनी तेवढाच पाचरीसारखा उतार द्यायचा आणि आत बसवायची. दोन्हींची जाडी सारखी नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला मिळाली पाहिजे, सगळं कलम त्यावर अवलंबून आहे. पट्टी घट्ट बांधा आणि काडीवर पेप्सीकोल्याची लांबट पिशवी टोपीसारखी घालून खाली बांधा. तीन आठवड्यांच्या आसपास डोळा फुटतो, मग पिशवी ढगाळ दिवशी संध्याकाळी काढा. तुमच्या हाताला सवय नसेल तर आधी घरच्या रायवळ रोपांवर दहा-बारा बांधून बघा, किंवा रोपवाटिकेत काम करणाऱ्या कुणाला अर्ध्या दिवसासाठी बोलवा.

मोहोर सगळा खुडा. ताई, मला माहीत आहे, पहिला मोहोर बघून हात उचलत नाही. मागे एका घरात आजींनी तो काढू दिला नाही, देवाला पहिला आंबा वाहायचा म्हणून. मी त्यांना एकाच झाडावरचा एक तुरा ठेवायला सांगितला, बाकीचे काढायला लावले. त्या एका झाडाला वाटाण्याएवढ्या कैऱ्या आल्या आणि गळून गेल्या, झाडाची वाढ मात्र वर्षभर मागे पडली. कलमाची काडी मोठ्या झाडावरून आलेली असते म्हणून ती लगेच मोहरते. तिला माहीत नसतं की खाली मुळं किती आहेत. पहिली तीन वर्षं मोहोर दिसला की देठापासून चिमटीनं काढायचा.

खताचं थोडक्यात सांगतो. आत्ता काहीही नको. गुदमरलेल्या मुळांना खत म्हणजे आणखी क्षार. पावसाळ्याच्या सुरुवातीला, लागवडीला वर्ष झाल्यावर, झाडाला एक घमेलं म्हणजे सुमारे १० किलो चांगलं कुजलेलं शेणखत, ३०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, १०० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश आणि ३०० ग्रॅम युरिया. युरिया एकदम नाही. जून, ऑगस्ट आणि सप्टेंबर असा तीनदा वाटून. बुंध्याला चिकटून नाही, ड्रिपरच्या बाहेर गोल चरात, मातीआड. शेणखतात हात घालून बघा. गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे आणि त्यातून हुमणी घरी येते. हुमणीचे भुंगेरे पहिल्या वळवानंतर संध्याकाळी बाभळीवर, कडुनिंबावर, बोरीवर गोळा होतात. खाली चादर पसरून फांद्या हलवायच्या आणि पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. एकट्यानं करून फारसा उपयोग होत नाही, वस्तीनं मिळून केलं तर होतो.

जूनचा वारा तुमच्याकडे काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको, त्या वाऱ्यासाठीच तर पलीकडच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. काठी कलमाच्या पश्चिमेला रोवा, मुळांच्या गोळ्यातून नको, वीतभर बाजूला. खालचं टोक डांबरात बुडवून घ्या. बांधायला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या किंवा जुन्या लुगड्याच्या चिंध्या, काठी आणि खोड यांच्यामध्ये एक पीळ देऊन, सैल. खोड थोडं हललं पाहिजे, हलल्यानंच ते जाड होतं. तार किंवा नायलॉनची दोरी अजिबात नको. बांधाला पश्चिमेकडून शेवरी किंवा गिरिपुष्पाची दाट ओळ या पावसाळ्यातच लावून टाका.

पाऊस लागला की पाण्याचा प्रश्न उलटतो. उन्हाळ्यात केलेलं आळं मोडा, बुंध्याशी मातीची भर लावा (जोडाच्या खालीच) आणि उताराच्या बाजूला चर काढून द्या. माणसं उन्हाळाभर झाड जगवतात आणि हस्ताच्या पावसात आळ्यात तीन दिवस पाणी तुंबू देतात.

त्याच काळात कोवळी पानं कात्रीनं कापल्यासारखी झाडाखाली पडलेली दिसतील. सरळ रेषेत कापलेली, देठाकडचा तुकडा फांदीवरच. ते पोरांचं काम नाही आणि टोळाचंही नाही, तो पानं कातरणारा भुंगा. मादी पानात अंडी घालते आणि मग पान कातरून खाली टाकते. अळी त्या पडलेल्या पानात वाढून मातीत जाते. म्हणून फवारणीच्या आधी खालची पानं रोज सकाळी वेचून जाळा. तुमच्या ८७ कलमांना अर्धा तास लागेल आणि बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. शेंडा अचानक मान टाकून वाळत असेल तर आत अळी आहे. निरोगी भाग लागेपर्यंत शेंडा कापा, उभा चिरून अळी बघा आणि ती नष्ट करा. पावसात पानांवर काळपट ठिपके वाढले तर एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण, म्हणजे एक-एक किलो मोरचूद आणि चुना शंभर लिटर पाण्यात.

वळण देण्याची घाई नको. दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाला, खोड अंगठ्याएवढं झालं की, जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर शेंडा छाटा आणि चहूकडे जाणाऱ्या तीन-चार फांद्या ठेवा. उन्हाळ्याच्या तोंडावर कात्री लावायची नाही.

मधल्या पंधरा फुटांत भुईमूग, मूग, हरभरा, घेवडा खुशाल घ्या. मका आणि ऊस नको. रोटर कलमाच्या तीन फुटांच्या आत फिरवू नका. शेजारी उसात २,४-डी हे तणनाशक मारत असतील तर जाऊन गोडीनं बोला आणि वारा तुमच्याकडे वाहत असताना मारू नका म्हणून सांगा. द्राक्षवाल्यांनी त्या औषधाच्या वाऱ्यानं काय होतं ते भोगलंय, कोवळ्या आंब्याचीही पानं तशीच आकसून वळतात.

तुम्ही सरकारच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत लागवड केली असेल तर अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं आणि पुढचे हप्ते जिवंत झाडांवर ठरतात. म्हणून काही जण तपासणीच्या आधी मिळेल ते रोप आणून खड्ड्यात खोचतात. कृपा करून तसं करू नका. त्या खड्ड्यातून तुम्हाला पुढची चाळीस वर्षं आंबा खायचाय.

नांग्या, म्हणजे मेलेल्या कलमांच्या रिकाम्या जागा, भरायच्या त्या मृगाचा पाऊस होऊन जमीन निवल्यावर, आत्ता नाही. जुन्या खड्ड्यातली आंबलेली माती काढून उन्हाळाभर तापू द्या आणि कुदळीनं खड्ड्याच्या तळाचा आणि कडांचा मुरूम फोडून भेगा पाडा, म्हणजे हौद राहणार नाही. पाच-सहा कलमं जास्तीची आणा, घराजवळ मोठ्या पिशवीत वाढवा, पुढच्या वर्षी लागतातच.

आणि रोपवाटिकेत जाल तेव्हा उंच, लुसलुशीत कलमाला भुलू नका. मला एकदा अशी चार फुटी कलमं मिळाली होती. पिशवी फाडली तर सोटमूळ तळाला टेकून घड्याळाच्या स्प्रिंगसारखं तीन वेढे फिरलेलं. अशी मुळं जमिनीत गेल्यावरही सरळ होत नाहीत, स्वतःलाच आवळत बसतात. दोन-अडीच फुटी, जोड भरून आलेलं, खुंट आणि काडी सारख्या जाडीची, पानं गर्द हिरवी आणि पक्व असलेलं कलम निवडा. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर जमिनीत गेलेलं नसावं. आणि पैसे देण्याआधी एक पिशवी आपल्या खर्चानं ब्लेडनं उभी चिरून आतली मुळं दाखवायला सांगा. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.